चिमटा दिला होता, तरी बोटं गेली

पत्र

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. पाच पॉवर प्रेस (पत्रा कापणारी-वाकवणारी मशिनं), माझी आठ माणसं आणि ठेकेदाराची सहा. एका मोठ्या व्हेंडरसाठी दुचाकीचे ब्रॅकेट काढतो. गेल्या महिन्यात रात्रपाळीत २२ वर्षांच्या एका मुलाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. प्रत्येकाला चिमटा दिलेला आहे, भिंतीवर पाटी आहे, मी स्वतः शंभरदा सांगितलंय. तरी याने हात घातला. मुलगा ठेकेदाराचा. त्याचा ईएसआय (राज्य कामगार विमा) काढलेलाच नव्हता, हे नंतर कळलं. दवाखान्याचं बिल मी भरलं. आता कस्टमरचं सेफ्टी ऑडिट आलंय. एक कन्सल्टंट म्हणतो, सगळी फाइल तयार करून देतो. एक सेन्सरवाला म्हणतो, पाचही मशिनला सेन्सर लावा, प्रश्न मिटला. दोघांपैकी कुणाचं ऐकू? आणि अपघात वर कळवायचा का? ठेकेदार म्हणतो, कळवलंत तर गळ्यात पडेल. पुन्हा असं होऊ नये, एवढीच इच्छा आहे. रात्री मशीन चालू असली की मला झोप लागत नाही.

— एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर

नमस्कार.

बिल भरलंत ते योग्य केलंत, आणि विचारलंत तेही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी सहमत नाही: ‘तरी याने हात घातला.’ या वाक्यापाशी चौकशी थांबली, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची बोटं जातील आणि त्याच्याबद्दलही हेच लिहिलं जाईल. मी प्रेस शॉपमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून काम केलंय. बोटं गेलेल्या मुलांशी बोलले आहे. हौसेने डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, हात घालणारा एकही मला भेटला नाही.

हात का जातो ते बघू. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) डायवर ठेवायचा, पायडल दाबायचं, वाकलेला ब्रॅकेट काढायचा, पुढचा ब्लँक ठेवायचा. बहुतेक वेळा ब्रॅकेट सुटून येतो. अधूनमधून मात्र तेलामुळे पंचाला (वरून दाबणाऱ्या ठशाला) चिकटतो, किंवा डायमध्ये रुतून बसतो. चिमट्याने धरायला गेलं की पकड घसरते. दोनदा घसरली की माणूस बोटाने खेचतो, कारण बोटाने तो एका झटक्यात निघतो. या सगळ्यात पाय पायडलवरच असतो, कारण प्रत्येक नगाला पाय उचलून पुन्हा ठेवायचा तर वेग निम्म्यावर येतो. रात्रीचे अडीच वाजलेले असतात. हात आत असताना पाय एकदाच नकळत दाबला जातो.

तेव्हा पहिलं काम हे: त्या मुलाला भेटा, आणि ‘हात का घातलास’ असं न विचारता ‘ब्रॅकेट कुठे अडकत होता’ असं विचारा. शिफ्ट इनचार्जला सोबत नेऊ नका. नग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग मेलेली असेल, पंचाची धार जाऊन बर (खरखरीत कड) येत असेल, हवेच्या झोताची नळी कधीची तुटलेली असेल, तर ते त्या मुलाला ठाऊक असणार. बाकीच्या चार मशिनवरच्या पोरांनाही हाच प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा. तासाला इतके नग निघालेच पाहिजेत, हा तुमच्याकडचा आकडा कुणी आणि कसा काढला? डाय बांधणाऱ्या सेटरने दिवसा, ताज्या हाताने, बोटाने ब्लँक ठेवून काढलेला असेल, तर चिमटा वापरून तो आकडा गाठताच येणार नाही. मग तुम्ही तोंडाने चिमटा सांगता आणि टार्गेटने बोट सांगता. नव्या मुलाला यातलं कुठलं ऐकायचं ते दोन दिवसांत कळतं. चिमटा धरून, रात्रपाळीत, नव्या मुलाच्या हातून नग मोजून घ्या आणि तोच आकडा लावा. तो कमी येईल. भाव ठरवताना तोच धरायला हवा होता.

आता सेन्सर. इथे मी सविस्तर लिहिते, कारण तुमचे पैसे याच ठिकाणी वाया जाण्याची भीती आहे.

तुमच्या प्रेस कुठल्या क्लचच्या आहेत ते पत्रात नाही. आपल्याकडच्या जुन्या सी-फ्रेम प्रेस बहुतेक रोलिंग कीच्या असतात. यात पायडल दाबलं, की ‘की’ नावाची खुंटी फिरून फ्लायव्हील (जड चाक) आणि शाफ्ट एकमेकांत अडकतात, आणि एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय सुटत नाहीत. रॅम (वरून खाली येणारा भाग) निघाला की निघाला, मध्येच थांबवायची सोयच नाही. अशा मशिनला समोर लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, सेन्सरवाला विकतो तो) लावला, त्यात हात गेला, दिवा लाल झाला, बझर वाजला, तरी रॅम खाली येणारच. हात आधीपासून आत असेल तर नवा स्ट्रोक सुरू होणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. सुरू झालेल्या स्ट्रोकपासून तो वाचवत नाही. सेन्सरवाल्याला तुमच्या मशिनजवळ उभं करा आणि सांगा, रॅम अर्ध्यावर असताना लाकडाची पट्टी आत घालून मशीन थांबवून दाखव. दाखवता आलं नाही तर ऑर्डर देऊ नका.

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरचा) क्लच आणि ब्रेक असलेली प्रेस मध्येच थांबते. तिथे कर्टन खरोखर बोटं वाचवतो, पण तो लावायच्या अंतराचा हिशोब असतो. हात सेकंदाला १.६ ते २ मीटर सरकतो असं धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर तेवढ्यात हात ४० ते ५० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे कर्टन डायपासून निदान तेवढा लांब हवा. शोभेला डायच्या तोंडाशी लावलेले कर्टन मी पाहिले आहेत. थांबायचा वेळ मोजून न देणाऱ्या माणसाकडून ते बसवून घेऊ नका, आणि ब्रेक झिजला की हा वेळ वाढतो म्हणून तो पुन्हापुन्हा मोजून घ्या.

दोन हाती बटणांचंही जवळपास असंच. बटणं सोडून हात आत पोचेपर्यंत रॅम खाली येऊन गेलेला पाहिजे, म्हणून बटणं डायपासून पुरेशी लांब हवीत. एक बटण लाकडी पाचर मारून दाबून ठेवता येत असेल, तर ती पाचर कधीतरी मारली जाणारच. दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली तरच पुढचा स्ट्रोक मिळेल, अशी जोडणी करून घ्या. एका प्रेसवर दोघं काम करत असतील, एक ब्लँक ठेवणारा आणि एक काढणारा, तर दोघांनाही आपापली बटणांची जोडी द्या. एकाच्या पायाखाली पायडल आणि दुसऱ्याचा हात डायमध्ये, ही रचना आजच बंद करा. यासाठी कुठल्याही सल्लागाराची गरज नाही.

कीच्या प्रेसला आणखी एक खोड असते. की झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा ढिला झाला, की पायडल न दाबता प्रेस दुसरा स्ट्रोक मारते. ‘मशीन डबल मारते’ हे तुमच्याही शेडमध्ये कुणीतरी कधीतरी म्हणालं असेल. ज्या दिवशी हे ऐकाल त्याच मिनिटाला ती मशीन बंद. शिफ्ट संपेपर्यंत चालवू म्हणू नका, उद्या माल जायचाय हे कारण चालणार नाही. रॅम वर येऊन नेमक्या जागी थांबतो की थोडा घसरून खाली येतो, हे दर पाळीच्या सुरुवातीला रिकामे चार-पाच स्ट्रोक मारून बघता येतं. घसरत असेल तर ब्रेक किंवा की काम मागतेय.

म्हणून कीच्या प्रेसवर माझा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: डायभोवती पक्का बोल्टने बसवलेला गार्ड, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. पत्र्याची पट्टी सरकवून ब्लँक कापता त्या मशिनवर हे सोपं आहे. साधारण ६ मिलिमीटरपर्यंतची फट पुरते, आणि गार्ड जाळीचा किंवा पॉलिकार्बोनेटचा असला की आतलं दिसतंही. गार्ड काढायला पाना लागला पाहिजे, आणि पाना सेटरकडे. वाकवायच्या आणि भोकं पाडायच्या मशिनवर, जिथे एकेक ब्लँक हाताने ठेवावा लागतो, तिथे थोडं डोकं लढवावं लागतं. पुढे-मागे सरकणारी थाळी करा: ब्लँक बाहेर ठेवायचा, थाळी आत सरकवायची, ती पूर्ण आत गेल्याशिवाय स्ट्रोक मिळायचा नाही. किंवा उतरता च्यूट करा, ब्लँक घसरून जागेवर बसेल. काढायला हवेचा झोत आणि चांगला इजेक्टर. तुमचा डाय बनवणारा टूलरूमवाला हे करू शकतो. त्याला आजवर कुणी सांगितलेलं नसतं, कारण डायची ऑर्डर देताना आपण फक्त ब्रॅकेटचं ड्रॉइंग देतो. इथून पुढे प्रत्येक नव्या डायच्या ऑर्डरवर एक ओळ लिहा: ब्लँक ठेवताना आणि काढताना हात डायमध्ये जाणार नाही अशी सोय असावी.

पायडलला वरून आणि बाजूंनी पत्र्याचं कव्हर लावा, म्हणजे पडलेला ब्रॅकेट किंवा घसरलेला पाय त्यावर येणार नाही. हे काम एका दिवसाचं आहे.

आणि सेटरला विसरू नका. ऑपरेटरची बोटं जातात तेव्हा आरडाओरडा होतो, पण डाय बांधताना सेटरचा अख्खा पंजा आत असतो. मोटर बंद केली म्हणजे मशीन बंद झाली असं नाही, फ्लायव्हील नंतरही बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्यात एक स्ट्रोक मारायची ताकद त्यात असते. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली सेटरच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, आणि रॅमखाली मजबूत ठोकळा. हे सगळं झाल्यावरच हात आत. ठोकळा मशिनला साखळीने बांधून ठेवा, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी दाराला अडसर म्हणून लागलेला दिसतो.

आता फाइल आणि कायदा.

तुम्हाला वाटत असेल, १४ माणसांना कसला कायदा लागतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये विजेवर चालणारा ‘कारखाना’ म्हणजे २० किंवा जास्त कामगार, हे खरं. पण १० किंवा जास्त कामगार असलेली कुठलीही आस्थापना संहितेत येते, आणि ठेकेदाराची माणसं धरून तुम्ही १४ आहात. म्हणजे नोंदणी, प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र, आणि इजा होईल असे धोके नसलेली कामाची जागा देण्याचं मालकाचं कर्तव्य, हे सगळं तुम्हाला लागू. सुरक्षेच्या साधनांचे पैसे कामगाराच्या पगारातून कापता येत नाहीत. गंभीर धोका दिसला तर तो तुम्हाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. संहितेखालची मालकाची कर्तव्यं मोडल्यामुळे अपघात होऊन गंभीर इजा झाली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड किंवा दोन्ही. त्या दंडातली निदान निम्मी रक्कम जखमी माणसाला किंवा त्याच्या वारसांना द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तुमच्या शेडला नेमके कुठले अर्ज आणि नोंदवह्या लागतात ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात जाऊन विचारा. संहितेने निरीक्षकाकडे तपासणीबरोबर मार्गदर्शनाचंही काम दिलेलं आहे. ते मागायला जाणाऱ्या मालकाला घाबरायचं कारण नाही.

कन्सल्टंटची फाइल घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण तिच्यात जे लिहिलंय ते मशिनवर दिसलं पाहिजे. वर्षभराची तपासणी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत भरलेली वही तपासणाऱ्याला पहिल्या पानावर ओळखू येते. आणि उद्या पुन्हा अपघात झाला, तर त्याच दिवशी ‘गार्ड ठीक आहे’ अशी सही असलेली ती वही तुमच्याच विरोधात पुरावा होईल. आधी मशीन, मग कागद. तो माणूस मशिनजवळ न जाता ऑफिसात बसून फाइल करणार असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

अपघात कळवायचा का? होय, आणि आधीच उशीर झालाय, तर आता आणखी एक दिवसही घालवू नका. ज्या इजेमुळे माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकत नाही, ती वर सांगितलेल्या संचालनालयाला कळवणं बंधनकारक आहे. जुन्या कारखाना कायद्यातही तसंच होतं. राज्य कामगार विमा महामंडळाला वेगळा अहवाल द्यावा लागतो. उशीर का झाला ते खरं लिहा. तारीख बदलू नका, आणि ‘जिन्यावरून पडला’ असलं काही तर मुळीच लिहू नका.

ठेकेदाराने विमा काढला नाही हे तुमचं उत्तर होऊ शकत नाही. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली गेली आहे की नाही, याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे तुमची. १० किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या प्रत्येकासाठी. मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. मालकाने नोंदणी केलेली नसली तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकतं आणि तो खर्च मालकाकडून वसूल करतं. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वर्षानुवर्षं हेच मांडत आलीय, की बोटं जाण्याच्या अपघातांत पॉवर प्रेस सगळ्यात पुढे, आणि विम्याचं कार्ड कामगाराच्या हातात पडतं ते बहुतेकदा अपघातानंतर. ही नोंदणी कामाच्या पहिल्या दिवशी करायची असते. उद्याच सहाही जणांची करून घ्या. यापुढे ठेकेदाराचं बिल पास करताना त्या महिन्याच्या वर्गणीची पावती मागा.

त्या मुलाला काय मिळू शकतं, हे तुम्हीच त्याला नीट सांगा, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. कामावर झालेल्या इजेसाठी ‘इतके दिवस वर्गणी भरलेली हवी’ अशी अट नाही. बरा होईपर्यंत रोजच्या पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते. नंतर वैद्यकीय मंडळ किती टक्के अपंगत्व राहिलं ते ठरवतं, आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. पेन्शनच म्हणा. २२ वर्षांच्या मुलासाठी ती केवढी मोठी गोष्ट आहे याचा विचार करा. ठेकेदाराच्या सांगण्यावरून अपघात दडवला, तर तुम्ही त्याची ही पेन्शन बुडवता. आणि त्याने तुमची सूचना मोडली म्हणून हा हक्क जात नाही. हात घातला तो तुमचाच माल काढायला, आणि कायदाही ते तसंच पाहतो. इजेचा भत्ता चालू असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही. तो परत यायचं म्हणाला तर त्याला तपासणीवर किंवा स्टोअरला घ्या, पगार न कापता. पुन्हा प्रेसवर बसायला त्याला सांगू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती आजच भिंतीवर लावा, मराठीत आणि हिंदीत, आणि रात्रपाळीच्या माणसांना वाचून दाखवा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. तुटलेला भाग सापडला तर स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तो भाग थेट बर्फावर ठेवायचा नाही, पाण्यातही बुडवायचा नाही, नाहीतर तो निकामी होतो. प्रेसखाली चिरडलेलं बोट बऱ्याचदा जोडता येत नाही, पण ते डॉक्टरने ठरवायचं. हात जोडणारे सर्जन रात्री कुठल्या दवाखान्यात असतात ते आधीच चौकशी करून फोन नंबर लिहून ठेवा. मध्यरात्री रक्त बघून हादरलेला शिफ्ट इनचार्ज जवळचा दवाखाना गाठतो, तिथून दुसरीकडे पाठवतात, आणि त्यातच दोन-तीन तास जातात.

ऑडिटचं शेवटी घेतलंय, कारण वरचं केलंत तर त्याचं फार काही उरत नाही. पाचही मशीन ऑडिटपर्यंत सुधारणार नाहीत, मला माहीत आहे. ज्या मशिनवर अपघात झाला ती गार्ड लागेपर्यंत बंद ठेवा. ज्या डायमध्ये हात जातो त्यांची यादी करा, पट्टीवर चालणाऱ्या मशिनना या आठवड्यात गार्ड लावा, बाकीच्यांना तारखा द्या आणि त्या पाळा. रात्रपाळीत हात आत जाणारी कामं तूर्त घेऊच नका. ऑडिटरला अपघात झाला हे स्वतःहून सांगा, कारण सांगा आणि पुढची योजना दाखवा. त्याच बैठकीत परचेसच्या साहेबांपुढे नवा भाव ठेवा: चिमट्याने निघणारे तासाचे नग, सरकत्या थाळीचा खर्च आणि ईएसआयची वर्गणी धरून. त्यांनी सेफ्टी ऑडिट मागितलंय, तर त्या सेफ्टीचा खर्चही त्यांच्याच भावात बसला पाहिजे, हे तोंडी न सांगता कोटेशनवर वेगळी ओळ करून लिहा.